नऊ मिलिसेकंदांचा निरोप

निरोप किती वेगाने पोचतो, यावरून संस्थेची प्रगती मोजतात. (निरोप काय होता, हे मोजण्याचे साधन अद्याप उपलब्ध नाही.) आमच्या लसभांडारात सहा शीतपेट्या आहेत. त्यांत शहरातल्या नऊ हजार बाळांच्या लसी असतात, आणि पारा आठ अंशांच्या वर चढला की लस नि पाणी यांत फरक उरत नाही. म्हणून प्रत्येक पेटीत दर सेकंदाला तापमान कळवणारे यंत्र बसवले, आणि ते त्याने कसे कळवावे हे ठरवायला समिती नेमली. मी तिचा सचिव. त्यामुळे निःपक्षपातीपणे सांगतो, की असे कार्य पूर्वी झाले नव्हते.

एकोणतीस बैठकांत तीन प्रोटोकॉल, म्हणजे निरोप धाडण्याच्या तीन रीती, तपासल्या. पहिल्या रीतीत यंत्र दर वेळी दार ठोठावते, नाव-गाव सांगते, तापमान सांगते आणि उत्तराची वाट बघत उभे राहते. अध्यक्षांना ही सुसंस्कृत वाटली, पण दर सेकंदाला एवढे सौजन्य झेपेना. दुसरीत यंत्र ओरडून मोकळे होते, कोणी ऐको न ऐको. तंत्रज्ञ म्हणाले, घरी त्यांची हीच पद्धत आहे आणि तिचा उपयोग होत नाही. तिसरीत एक मध्यस्थ असतो. यंत्राने निरोप त्याच्याकडे टाकायचा, आणि ज्यांनी त्याच्याकडे नाव नोंदवले असेल त्यांना तो वाटून टाकतो. एक मध्यस्थ अकरा मिलिसेकंद घेई, दुसरा नऊ. या दोन मिलिसेकंदांवर सहा बैठका झाल्या आणि दोन सदस्यांचे बोलणे बंद झाले. (त्यानंतर काम झपाट्याने पुढे सरकले.)

नऊवाला निवडला, यंत्रणा सुरू झाली. तिसऱ्या मंगळवारी तिच्याच अभिनंदनाची बैठक चालू असताना चार नंबरच्या पेटीने मान टाकली. यंत्राने तत्काळ निरोप धाडला. मध्यस्थाने यादी पाहिली. यादीत कोणीच नव्हते. (नावे नोंदवण्याचा विषय तिसाव्या बैठकीसाठी राखून ठेवला होता.) त्याने नियमाप्रमाणे निरोप टाकून दिला. चाळीस मिनिटांत असे दोन हजार चारशे निरोप पोचले, एकही उशिरा नाही.

भांडार सांभाळणाऱ्या बाईंनी मात्र जाता जाता पेटीवरच्या जुन्या काट्याकडे पाहिले. तो सातवर होता. त्यांनी एकटीने सगळे खोके उचलून पाच नंबरच्या पेटीत नेले. लसी वाचल्या.

साहजिकच बाईंवर नोटीस निघाली : विहित यंत्रणा डावलून तापमान जाणून घेतल्याबद्दल नोकरीवरून का कमी करू नये? आठवड्याने त्या समितीपुढे उभ्या राहिल्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

अध्यक्षांनी विचारले, "समितीला का कळवलं नाही?"

"तीनदा फोन केला, साहेब," बाई म्हणाल्या. "तुम्ही बैठकीत होता. मग तुमच्या फोनवर निरोप टाकला. अजून बघितला नाहीत."

अध्यक्षांनी फोन काढला. निरोप होता, आठवड्यापूर्वीचा, वेळेवर पोचलेला. नोटीस मागे घेतली.

वाचक इथे हसले असतील, तर त्याची नोंद घेतली आहे. तुमच्या आईचा 'डॉक्टरांकडे जाऊन आले' हा निरोपही परवा सकाळीच तुमच्या फोनवर पोचला आहे. वेगाबद्दल आपली काही तक्रार नसावी.