एकूण नावं नऊ

"माइकवर माझ्या तोंडून चूक? या जन्मात न्हाई!" आळ्याचे गोरखभाऊ असं छातीवर हात ठेवून सांगत, आणि ते खोटंही नव्हतं. लग्नात पाहुण्यांची नावं पुकारावीत तर भाऊंनीच! मांडवातून चिठ्ठ्या येत राहायच्या, भाऊ वाचत राहायचे. एकदा नवरीच्या मावशीच्या यजमानांचं नाव राहिलं आणि ते न जेवता उठून गेले. तेव्हापासून भाऊंचा नियमच झाला: चिठ्ठीच्या डोक्यावर एकूण नावं किती ते लिहायचं. आकडा पुरा झाल्याशिवाय भाऊ थांबायचे नाहीत.

त्यांची मुलगी आरती घरी बसूनच एका कंपनीचं काम करायची. निरोप कुलूपबंद करून धाडणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या, हे तिचं काम. वारूळवाडीच्या लग्नाला निघताना ती भलतीच खुशीत होती.

"दादा, काल एक भारी चूक सापडली! निरोपावर आधीच लिहिलेलं असतं, आत अक्षरं किती. हे सॉफ्टवेअर त्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतं. वर पन्नास लिहिलं आणि आत दहाच निघाली, तर उरलेली चाळीस शेजारी जे पडलेलं असेल त्यातून वाचून दाखवतं. मग कुणाचा पासवर्ड असो, कुणाचं गुपित!"

"मोजत न्हाई?"

"मोजत नाही!"

"आन आपन काय वाचतोय, त्ये बी कळत न्हाई त्याला?"

"तेच तर!"

"येडंच हाय म्हनायचं," भाऊंनी गाडीला किक मारली. "मानूस असता तर कवाच हाकलला असता!"

खरं तर भाऊंचं अर्धं लक्ष स्वतःच्या खिशाकडे होतं. 'वर्षभर स्थळाचं नाव काढायचं नाही, काढलंत तर मी बंगळूरची नोकरी घेऊन निघून जाईन,' असं आरतीने बजावलं होतं. बायको गेल्यापासून घरात दोघंच. पोरगी गेली तर घर खायला उठेल, म्हणून भाऊंनी देवाशपथ कबूल केलं होतं. पण बापाचं मन कुठलं गप्प बसतंय! आजच्या लग्नात तीन उपवर मुलं येणार होती. त्यांची नावं आणि पुढे आपले शेरे, असा कागद भाऊंनी गुपचूप तयार केला होता. नुसतं लांबून बघायला काय जातंय?

मांडवात भाऊ तो कागद काढून पुढच्या रांगेतला मुलगा पडताळत होते, तेवढ्यात आरतीने वळून पाहिलं. भाऊंनी घाईघाईने कागद हातातल्या चिठ्ठ्यांत सारला.

तेवढ्यात नवरदेवाचा चुलता कुंडलिक पळत आला आणि चिठ्ठी देऊन पळत गेला. गडी मोठा हिशेबी! त्याने आधी वर 'एकूण नावं नऊ' असं लिहिलं होतं. सहा नावं लिहून झाली आणि आचाऱ्याने हाक मारली, उरलेली तीन लिहायची राहूनच गेली.

भाऊंनी सहा नावं दणक्यात पुकारली. चिठ्ठी संपली. राहिले तीन! न जेवता गेलेले ते पाहुणे डोळ्यांपुढे उभे राहिले. भाऊंनी चिठ्ठी उलटून मागे टाकली, तर खालच्या कागदावर बरोबर तीन नावं! भाऊंचा जीव भांड्यात पडला.

"तसेच आण्याच्या जानकूशेठचे चिरंजीव अमृत! मुलगा निर्व्यसनी, केस विरळ, टोपी काढायला लावून बघणे, यांचं हार्दिक स्वागत!"

अमृतने दोन्ही हातांनी टोपी धरली. टॉवेल-टोपी घेऊन त्याच्याकडे निघालेला माणूस वाटेतच थबकला.

"घोडेगावचे आदेश! नाकीडोळी नीटस, आई फार बोलते, यांचं हार्दिक स्वागत!"

"कोन लई बोलतं रं?" बायकांमधून आदेशची आई, लंकाबाई, उठल्या. पण भाऊ आता पुरते तालात आले होते.

"मंचरच्या सोपानरावांचे धाकटे! घर मोठं, पण आरतीला नोकरी सोडायला लावतील. सोन्यासारखी पोर आहे, आपणच नाही म्हणायचं, यांचं हार्दिक..."

आरतीचं नाव कर्ण्यातून फिरून भाऊंच्याच कानावर आलं, तेव्हा कुठे ते थांबले. मांडवात हशा उसळला. "नऊ पुरे झाले, भाऊ!" कुणीतरी ओरडलं. लंकाबाईंनी माइक हिसकावला आणि आपण मुळीच बोलत नाही, हे पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. मुहूर्त टळला तो टळलाच!

परतताना आरती गाडीवर मागे बसली होती. आळेफाटा आला तेव्हा ती एकदम म्हणाली, "दादा, कागद बदलला तेव्हा अक्षर वेगळं दिसलं नाही?"

"दिसलं की. माजंच व्हतं, म्हनून तर भरवशाचं वाटलं!"

"आणि शेरे?"

"माइकवर मी कळून घेत न्हाई गं. नुस्तं वाचतो."

"वर दहा लिहिलं असतं तर?"

भाऊंनी प्रामाणिकपणे विचार केला. "त्या कागदाखाली तुजी पत्रिका व्हती."

"वाचली असती?"

"मंगळासकट!"

आरती इतकी हसली की गाडी डुगडुगली. जरा वेळाने तिने हळूच विचारलं, "आपणच नाही म्हणायचं, असं खरंच लिहिलं होतं?"

"लिवलं व्हतं म्हनून तर वाचलं."

तिने बापाच्या खांद्यावर हात ठेवला. भाऊंना धीर आला. "मंग... बंगळूरला कवा निघायचं म्हनतीस?"

"कशाला जाऊ?" आरती म्हणाली. "दोन तालुक्यांत आता आपल्याकडे स्थळ पाठवणार कोण?"