किल्ली जनतेच्या हाती

संध्याकाळी सहा वाजता, मैदानावरच्या जाहीर सभेत, पक्षाचे अध्यक्ष आपल्या पायांनी चालत पिंजऱ्यात शिरले. दाराला बाहेरून कुलूप लागले. गजांतून हात काढून त्यांनी किल्ली गर्दीत भिरकावली. गर्दीने ती झेलली.

जनतेचे दुःख नेत्याने स्वतः भोगले पाहिजे आणि भोगताना तो तीन बाजूंनी नीट दिसला पाहिजे, याबद्दल आता कोणत्याही पक्षात दुमत राहिलेले नाही. नदीवरचा पूल खचल्यापासून साहेबांनी (अध्यक्षांना पक्षात, घरात आणि पोलीस ठाण्यात साहेबच म्हणत) त्या विषयावर सतरा भाषणे केली होती. तेवढ्या काळात पूल आणखी थोडा खचला. मग विरोधी नेते अग्निशमन दलाच्या शिडीवरून सभेत उतरायला निघाले, शिडी अर्ध्यात अडकली आणि त्यांना सगळे भाषण अधांतरी करावे लागले. त्या दिवशी ज्याच्या त्याच्या मोबाइलवर तेच लटकत होते.

"दाजी, ते लटकले म्हटल्यावर आपल्याला कोंडून घेण्यावाचून गत्यंतर नाही," साहेबांचे मेहुणे म्हणाले. मेहुणे पक्षाचे सरचिटणीस होते. (नेमणूक गुणवत्तेवर झाली होती. गुणवत्ता बहिणीची होती.)

योजना निर्दोष होती. साहेब म्हणजे पुलाअभावी कोंडलेली जनता. पिंजरा खऱ्या लोखंडाचा, कारण वार्ताहर हलवून बघतात. किल्ल्या दोन. खोटी डाव्या खिशात, ती गर्दीत फेकायची. खरी उजव्या खिशात, ती हळूच मेहुण्यांकडे सरकवायची. अर्ध्या तासाने मेहुण्यांच्या शेजारच्या एक आजीबाई 'मला सापडली' म्हणत मंचावर येतील, मेहुणे त्यांच्या हातात खरी किल्ली देतील, कुलूप उघडेल, लोक रडतील.

माप घ्यायला ग्रिलवाला आला तेव्हा साहेब दौऱ्यावर होते. म्हणून मेहुणे उभे राहिले. मेहुण्यांचे डोके साहेबांच्या सदऱ्याच्या दुसऱ्या गुंडीला लागते. त्यामुळे सभेच्या दिवशी साहेब पिंजऱ्यात मावले, पण वाकून. छायाचित्रकार खूश झाला. इतक्या वर्षांत वाकलेला नेता त्याला प्रथमच मिळत होता.

साहेबांनी किल्ली फेकण्याचा सराव घरी आरशासमोर केला होता. सरावात माईक नव्हता. सभेत तो डाव्या हातात आला. मग मोकळा राहिलेला उजवा हात सवयीने उजव्या खिशात गेला आणि खरी किल्ली, लाल दोऱ्यासकट, हजारो उंचावलेल्या हातांवरून गेली ती गेलीच. जोशात साहेबांनी पुढचे वाक्यही म्हटले: "हे कुलूप उघडेल ते फक्त जनतेच्या हातातल्या या किल्लीने! दुसऱ्या कुणी हात लावला, तर मी राजकारण सोडीन!"

टाळ्या इतक्या पडल्या की साहेबांना क्षणभर वाकल्याचाही त्रास जाणवला नाही.

आजीबाई ठरल्या वेळी आल्या. मेहुण्यांनी साहेबांकडून घेतलेली किल्ली त्यांनी कुलपात घातली, फिरवली, पुन्हा फिरवली आणि माईकमध्ये म्हणाल्या, "अरे बाबा, ही लागत नाही रे."

लोकांना हे वाक्य फारच खोल वाटले. पुढच्या रांगेत रुमाल निघाले.

"ग्रिलवाल्याला बोलव," साहेब दातओठ खात म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

"दाजी, तुम्ही शपथ घेतलीत."

"ती तूच लिहून दिलीस, गाढवा!"

"लिहिली मी. टाळ्या तुम्हाला पडल्या."

सभा संपली. साहेब राहिले.

ग्रिलवाला कटर घेऊन सकाळीच हजर झाला. पाच मिनिटांचे काम, असे त्याचे मत पडले. मात्र 'काप' असे पक्षातल्या कुणीतरी म्हणायला हवे होते. त्यासाठी कुलूप समिती नेमण्यात आली. समितीने पाहणी करून घेतली, तेव्हा साहेबांची लोकप्रियता आदल्या दिवसापेक्षा चार टक्क्यांनी वाढलेली आढळली. दुसऱ्या पाहणीत नऊ टक्के. (साहेब मोकळे असताना ती बरीच वर्षे तीनच्या पुढे गेली नव्हती.) इतक्या नाजूक वेळी घाईने काही कापणे योग्य नाही, असा समितीचा एकमताने निर्णय झाला. साहेबांचे मत विचारले गेले नाही, कारण ते आत होते आणि बैठक बाहेर.

साहेबांच्या पत्नी, म्हणजे साऱ्या पक्षाच्या वहिनी, औषधे आणि जेवणाचा डबा घेऊन आल्या. गजांतून डबा जाईना. त्यांनी वाटी वाटी करून आत दिला.

"घरात पंखा बंद पडला तर घर डोक्यावर घेता," त्या म्हणाल्या, "आणि इथे कोंबडीसारखे बसलात."

"अगं, बसता येत नाही नीट, तेच सांगतोय. पाय बघ."

पाय सुजले होते. साखर वाढली होती. पक्षाच्या वैद्यकीय आघाडीच्या डॉक्टरांनी सांगितले की रुग्णाला सरळ आडवे झोपवले नाही, तर पाय गमवावा लागेल. हे निदान त्याच संध्याकाळी 'साहेब पाय द्यायला तयार' या मथळ्याने फलकावर लागले.

वहिनी भावाकडे वळल्या. "तुझ्या मापाचा पिंजरा केलास ना? मग तूच शिर. त्यांना झोपू दे."

"ताई, मला कोण बघायला येणार?"

"कटरवाल्याला हो म्हण."

"मी कोण हो म्हणणारा? किल्ली जनतेच्या हाती आहे."

ते खरेच होते. पक्षाने आवाहन करताच किल्ल्यांचा पाऊस पडला. कपाटांच्या, स्कूटरच्या, माहेरच्या ट्रंकांच्या. एक सार्वजनिक शौचालयाची निघाली. त्या वस्तीत सध्या वेगळेच आंदोलन चालू आहे. लाल दोरा कशालाच नव्हता. दरम्यान सरकारने पुलाची मागणी मान्य करून टाकली. पक्षाने ती फेटाळली. पूल हा मूळ प्रश्नच नाही, मूळ प्रश्न किल्लीचा आहे, असे मेहुण्यांनी पत्रकार परिषदेत स्पष्ट केले. निवडणुकीचा अर्ज साहेबांना स्वतः जाऊन भरणे शक्य नसल्याने तो मेहुण्यांनी भरला. स्वतःच्या नावाने. फलकावर पिंजऱ्याचा फोटो मोठा आहे, मेहुण्यांचा त्याहून थोडा मोठा.

'किल्ली तुमच्याकडे असती तर काय केले असते?' असा प्रश्न समितीने लोकांना विचारला. लगेच नेऊन दिली असती, असे अकरा टक्के म्हणाले. आधी आमचे एक काम करून घेतले असते आणि मग दिली असती, असे सत्तावीस टक्के. उरलेल्यांनी 'एवढी काय घाई आहे?' असे उलट विचारले. साहेबांनी हे आकडे गजांतून वाचले. हातातला कागद खाली ठेवून त्यांनी पत्नीला हलक्या आवाजात विचारले, "माझ्यासाठी कुणी काही म्हणालं का गं?"

वहिनींनी रिकाम्या वाट्या गोळा केल्या. त्या उठल्या आणि मैदानाच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. तेव्हापासून त्या तिथेच असतात. साहेबांना बघायला, त्यांच्याकडे पाठ करून स्वतःचा फोटो काढायला जो जो येतो, त्याला थांबवून विचारतात, "दादा, तुम्ही त्या सभेला होता का हो? किल्ली कुणी झेलली, पाहिलंत का?"

सभेला एक लाख लोक होते, असा पक्षाचा दावा आहे. पोलिसांच्या मते चाळीस हजार. वहिनींना अजून त्यातला एकही भेटलेला नाही.

वाचकहो, आपणही त्या सभेला नव्हता, हे उघडच आहे. किल्ली पितळी आहे, बोटाच्या पेराएवढी. शेवटची बातमी हाती आली तेव्हा डॉक्टर दुसरा पाय तपासत होते आणि ग्रिलवाला कटर घेऊन तसाच उभा होता.