उतरल्याचा दाखला

आमचं गाणं दीडशे वर्षांपूर्वी रत्नागिरीकडच्या एका खाडीत सुरू झालं, आणि ते संपेपर्यंत आम्ही बोटीतून उतरलो असं धरायचं नाही, असा बेटाचा कायदा होता.

झालं होतं ते असं. उसाच्या मळ्यांवर कामाला निघालेली माणसं होडीत बसली तेव्हा गाणं चालू होतं. ते रचणारा धाकू तांडेल चढायच्या बेतात होता, पण तंबाखूची चंची विसरली म्हणून घरी पळाला. होडी थांबली नाही. आता गाण्याची शेवटची ओळ म्हणजे रचणाऱ्याच्या नावाची ओळ. ती त्यानं म्हणावी, नाहीतर त्याच्या घरातल्या माणसानं. दुसऱ्यानं म्हटली तर ती चोरी. म्हणून लोक गात राहिले. बेटावर बोट लागली तेव्हा बंदरातल्या कारकुनानं विचारलं, "झालं का?" ते म्हणाले, "नाही अजून." त्यानं वहीत लिहिलं, ‘प्रवासात’.

तेव्हापासून बेटावरचे आम्ही सगळे मराठी प्रवासात होतो. मी जन्मले बेटावर, लग्न झालं बेटावर, पण माझ्या कार्डावर पत्त्याच्या जागी बोटीचं नाव होतं. माझे सासरे डोंगरावरच्या घरात, खाटेवर, दुपारचं जेवून गेले. दाखल्यावर आलं, ‘समुद्रात वारले’. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. आम्हाला मत नव्हतं. पण बोटीवर मत कोण देतं?

गाणं बैठकेत चाले. बैठका म्हणजे आमच्या मंडळाचं पत्र्याचं घर. एकानं ओळ सांगायची, दोघांनी झील धरायची, म्हणजे ओळीचे शेवटचे शब्द उचलून ओढायचे. तिघांहून कमी चालत नसे. पाळ्या लावलेल्या असत. जुनी कडवी संपली की नवी बांधायची. वादळाचं कडवं आहे, साखर कारखान्याच्या चिमणीचं आहे. माझ्या लग्नाचंही आहे, पण त्यात माझं नाव नाही, वरातीच्या बैलाचं आहे.

माझी पाळी सकाळ-संध्याकाळ, माझी जाऊ भिकी हिची दुपार आणि रात्र. ती तोंड उघडूनच दारात यायची, माझ्या तोंडातला अर्धा शब्द उचलायची आणि मी उठायची. "काल झील ढिली पडली होती तुझी," मी चपला घालताना म्हणायची. तिला उत्तर देता येत नसे, ती गात असे. संध्याकाळी मी तिचा शब्द उचलला की ती म्हणायची, "ढिली तुझी जीभ." मग मला उत्तर देता येत नसे.

गेल्या वर्षी उतार कचेरीतून, म्हणजे उतरल्याचे दाखले देतात तिथून, फिलिबेर साहेब स्वतः आले. सभ्य माणूस. टोपी काढून कडवं संपायची वाट बघत उभे राहिले, मग ते संपत नाही हे लक्षात आल्यावर बोलायला लागले. नवा नियम झाला होता. त्या महिनाअखेरीपर्यंत जे उतरणार नाहीत, त्यांना उतरायचंच नाही असं समजून परत पाठवण्यात येईल.

माझी पाळी नुकती सुटली होती. मी विचारलं, "परत कुठे?"

"निघालात तिथे, मादाम."

"मी पलीकडच्या गल्लीतून निघाले."

"कागदावर तसं नाही."

मी तेव्हा एकोणऐंशी वर्षांची. माझ्या कोंबड्या इथे, नवऱ्यानं लावलेला फणस इथे. ज्या किनाऱ्यावर मी कधी पाय ठेवला नाही तिथे मला परत जावं लागणार होतं. त्या दिवशी संध्याकाळी मी दोनदा ओळ चुकले.

मंडळानं खाडीकाठच्या त्या गावाला पत्र धाडलं. ‘श्री. धाकू तांडेल चंची घेऊन परत आले असल्यास कृपया कळवावे.’ बारा दिवसांनी उत्तर आलं. ‘आले होते. होडी गेलेली होती. ओळ घरात आहे. घेऊन येतो. मनोहर तांडेल, निवृत्त एस.टी. कंडक्टर.’

तो आला महिन्याच्या शेवटच्या दिवशी, मंगळवारी सकाळी. उंच, किडकिडीत, ओठ मिटलेले. त्यांच्या घरात ती ओळ बाप मरताना मुलाच्या कानात सांगायचा. मोठ्यानं कुणी म्हणायची नाही, कारण एकदा म्हटली की गाणं संपलं, आणि गाणं तर इकडे चालू.

"झोपेत बरळलात तर?" मी विचारलं.

"बायको तोंडावर उशी दाबायची."

"अहो, मेला असतात की!"

"तिची त्याला हरकत नव्हती," तो म्हणाला.

सगळं मंडळ जमलं. भिकीही आली, गुडघे धरत, आणि माझ्या शेजारी झीलेला बसली. फिलिबेर साहेब शिक्का घेऊन खुर्चीवर बसले. कचेरी बाराला बंद होणार होती.

मनोहरनं घसा खाकरला आणि आम्हाला कळलं की त्याला सूर नाही. ताल तर त्याहून नाही. पहिल्या वेळी झील पुढे निघून गेल्यावर त्यानं तोंड उघडलं. दुसऱ्या वेळी झीलेच्या आधीच उघडलं, आम्ही हातानं थांबवलं म्हणून ओळ आत राहिली. अवेळी सांडली असती तर दुसरी आणायची कुठून? आम्ही गाणं पुन्हा फिरवून त्याच्यासमोर आणायचो, तो पुन्हा चुकायचा. साडेअकरा झाले. भिकीचा दम तुटायला लागला, तरी झील सोडीना, नुसती माझ्याकडे डोळे वटारून बघत होती, जणू मीच त्याला बेसूर जन्माला घातलं होतं.

"मादाम," साहेब घड्याळ बघत म्हणाले, "शिक्का पुसून ठेवायलाही मला पाच मिनिटं लागतात."

मी झील सोडली. पाळी नसताना सोडलेली तेवढीच. उठून मनोहरपाशी गेले.

"भाऊ, शेवटचा थांबा आला की एस.टी.त काय करत होता?"

"ओरडायचो, मावशी."

"गात होता?"

"छे! लोकांनी मारलं असतं."

"मग ओरडा."

"पण हे गाणं आहे ना?"

"गाणं आमच्याकडे आहे. तुम्ही फक्त ओळ आणलीय."

त्याला ते पटलं. तो ताठ उभा राहिला, खांद्यावर नसलेली पिशवी मागे सारली, डोक्यावरची नसलेली दोरी धरली. झील फिरून आली तसा त्यानं हात ओढला आणि मागच्या बाकापर्यंत ऐकू जावं असा पुकारा केला,

"धाकू म्हणे लागली होडी, पाय टाका रे खाली!"

बरोबर समेवर. आम्ही ‘खाली’ उचललं, ओढलं, ओढत नेलं आणि ठेवून दिलं.

पुढे ओळ नव्हती.

बैठका मी गाण्याशिवाय कधी ऐकली नव्हती. उन्हानं पत्रा टकटक वाजत होता. बाहेर कुणाचा तरी कुत्रा दचकून उठला आणि इकडे तिकडे बघायला लागला. भिकीचं तोंड उघडंच होतं. मी हनुवटीला हात लावून मिटवलं. तिनं लांब श्वास सोडला, म्हणाली, "बाई गं," आणि भिंतीला टेकली. मनोहरचं तर बोलायचं इतकं साचलं होतं की तो बायकोबद्दल, डेपोबद्दल, विमानातल्या जेवणाबद्दल, सगळं एकदमच सांगत होता.

"आता काय करायचं?" कुणीतरी विचारलं.

"आता रांग लावा," फिलिबेर साहेब म्हणाले. "रांगेत आहेत ते सगळे आजच उतरले."

माझा नंबर पहिला लागला. साहेबांनी फॉर्म पुढे ओढला.

"उतरल्याची तारीख, आजची. सोबत जिवंत जनावर?"

"कोंबड्या आहेत. परसातच जन्मल्या."

त्यांनी ‘बोटीवर जन्मल्या’ असं लिहिलं. "प्रवास कसा झाला?"

"लांबला जरा."

तेही लिहिलं आणि शिक्का मारला. बाराला आठ मिनिटं कमी होती. मी अंगठा उठवला आणि शाई पुसली. पाय एकदम जड वाटले, पण चांगले जड, जमिनीला लागल्यासारखे.

घरी आल्यावर भिकीनं दोन पानं वाढली. आम्ही चोपन्न वर्षं एका घरात नांदलो, पण दोघींपैकी एक नेहमी बैठकेत. समोरासमोर बसून जेवण्याचा तो पहिलाच दिवस.

मी भात कालवला तशी ती बघतच राहिली.

"अगं, तू डावरी आहेस?"

"हो."

"चोपन्न वर्षं?"

"त्याच्या आधीपासून."

"मग सांगायचं नाही का?"

"कधी सांगणार? तू आलीस की मी निघायची."

तिनं भाजीची वाटी माझ्या उजवीकडून उचलली आणि डावीकडे ठेवली.