गुप्त कार्यालयाला पाच तारे

‘गुन्हेगार मला पाहताच मनातल्या मनात कबुली देतो,’ असे सत्यान्वेषी हेर बाळ केतकर स्वतःविषयी सांगत. ती कबुली आजवर कुणाच्या कानी पडली नव्हती, एवढीच काय ती उणीव. त्यांचा मदतनीस सलिल हे वाक्य दर पक्षकारापुढे नव्या खिन्नतेने ऐकत असे.

आजचे पक्षकार होते नागोराव. एका गुप्त लष्करी कार्यालयाच्या फाटकावर सर्वांचे मोबाइल जमा करून घेणे, हे त्यांचे काम. ते कार्यालय कुठे आहे हे कुणालाही ठाऊक नसावे, असा नियम होता. रिक्षावाल्यांना तो कुणी कळवला नव्हता. आता तर इंटरनेटच्या नकाशावर त्या जागी खूण उमटली होती आणि खाली पाच तारे! मोबाइल नागोरावांच्या ताब्यात, म्हणून ठपकाही त्यांच्यावर.

“सोमवारी काढून टाकतात जी मला,” नागोराव म्हणाले. “निवृत्ती तोंडावर आली अन् हे असं.”

“परकीय उपग्रह!” केतकर गरजले. “नाहीतर प्रशिक्षित कबुतर.”

“कबुतराला तारे देता येतात?” सलिलने हळूच विचारले.

“प्रशिक्षित म्हणालो ना मी?”

केतकरांच्या पत्नी नीरजा नुकत्याच ऑफिसातून परतल्या होत्या. चपला काढता काढता त्या म्हणाल्या, “अहो, तारे कुणी दिलेत ते पाहिलंत का?”

“तिथं नाव असते?” नागोराव चकित झाले. “आमच्याकडं ते पान पाहायलाच बंदी आहे जी. गुप्त आहे म्हणून.”

नीरजाताईंनी मोबाइल पुढे केला. अभिप्राय शनिवार पेठेतल्या एका गुरुजींचा होता : ‘सत्यनारायणासाठी गेलो होतो. पत्ता सापडता सापडेना, म्हणून पुढील वर्षाकरिता खूण करून ठेवली आहे. साहेब सपत्नीक बसले. पार्किंग प्रशस्त. शिऱ्यात केळे कमी.’

“गुरुजींचा मोबाइल मी मागितला होता,” नागोराव पुटपुटले. “पण पोथी त्याच्यातच होती. साहेबच म्हणाले, राहू द्या.”

“उपग्रह शिरासुद्धा खातो वाटतं,” नीरजाताई म्हणाल्या.

केतकरांनी तत्काळ साहेबांना फोन लावून स्वतःचा शोध जाहीर केला. साहेब म्हणाले, “नागोराव निर्दोष असल्याचा आदेश आजच काढतो. मात्र हे मी आपल्याला सांगितलेलं नाही.”

आदेश निघाला. तो गोपनीय असल्यामुळे नागोरावांना दाखवता येईना आणि पहारेकरी बजरंगलाही. सकाळी ते कामावर आले, तर ठपका कायम आहे असे समजून बजरंग त्यांना आत सोडीना. स्वतःचेच निर्दोषत्व ज्याच्यापासून गुप्त ठेवले आहे, असा माणूस सलिलने प्रथमच पाहिला. फाटकाबाहेर डबा घेऊन उभा असलेला.

त्या संध्याकाळी नीरजाताईंनी गुरुजींच्या शिऱ्याखाली आणखी एक अभिप्राय टंकला : ‘नागोराव निर्दोष ठरले आहेत. त्यांना आत घ्यावे.’

दुसऱ्या दिवशी बजरंगने निमूटपणे फाटक उघडले.

“तुला कसं कळलं रे?” नागोरावांनी विचारले.

“ते सांगता येणार नाही, काका. गुप्त आहे.”

असे म्हणून त्याने नियमाप्रमाणे आपला मोबाइल त्यांच्याकडे जमा केला. पडद्यावर तेच पान उघडे होते. नागोरावांनी ते मुळीच वाचले नाही, दोनदा.