मनीरामची शिंगवाली दंडार

मंडई तोंडावर आली आणि दुलारीबाईचा भात रांधायचा मोठा गंज गायब झाला. दिवाळीनंतरची मंडई म्हणजे गावचा मेळा. लेकी, जावई, व्याही, सगळे त्या दिवशी दारात हजर. एवढ्या पाहुण्यांचा भात काय वाटीत शिजवायचा? तिने सगळं घर पालथं घातलं, शेजारच्या जमुनाबाईवर उगाच संशय घेतला, आणि शेवटी गोठ्यात डोकावली. तिथे तिचा नवरा मनीराम रहांगडाले उभा होता. अंगावर घोंगडं, तोंडाला अंबाडीच्या वाखाची छातीपर्यंत दाढी, आणि डोक्यावर पालथा गंज. गंजाच्या दोन्ही बाजूंना एकेक शिंग.

"अजी, हे काय होय?"

"टोप होय," मनीराम दाढीतून म्हणाला.

"मंग भात कायच्यात रांधू? तुमच्या दाढीत?"

मनीरामने टोप सरळ केला. त्याच्या डोळ्यांत जे काही होतं ते पाहून दुलारीबाई दोन पावलं मागे सरली. लग्न ठरवताना पाहायला आला होता तेव्हाही तो इतका भारावलेला नव्हता.

हे सगळं सुरू झालं गोंदियात. चोरखमाऱ्याच्या तलावाकाठच्या या गावात मंडईच्या दुपारी दंडार, म्हणजे नाच-गाण्याचं लोकनाट्य, व्हायची, आणि दंडार म्हणजे मनीराम, हे आजूबाजूच्या गावांनाही ठाऊक होतं. पण अलीकडे दिवस पालटले होते. मागच्या मंडईत मनीराम स्टेजवर मरून पडलेला असताना पब्लिक अर्ध्यातून उठली आणि पलीकडच्या ऑर्केस्ट्राला जाऊन बसली. मनीरामचा एक नियम होता, मेलेल्या नटाने हलायचं नाही. एकदा लाल मुंग्यांनी पाठ फोडून काढली होती, तरी पठ्ठ्या हलला नव्हता. त्यामुळे तो डोळे मिटून पडून राहिला आणि बसायला अंथरलेल्या, रिकाम्या होणाऱ्या बोऱ्यांची सळसळ ऐकत राहिला. ती सळसळ वर्षभर त्याच्या कानातून गेली नाही. वरून मंडई कमिटीचा अध्यक्ष गोवर्धन पटले याने तोंडावर सांगून टाकलं होतं, "मामा, यंदा पब्लिक उठली तं पुढच्या सालपासून स्टेज ऑर्केस्ट्राले. मंग मले बोलू नका."

म्हणून मनीराम राजाचा मुकुट भाड्याने आणायला गोंदियाला गेला. दुकानातले सगळे मुकुट आधीच कुठल्या कुठल्या मंडयांना गेलेले. हिरमुसून तो बहिणीकडे आला. मामाने भाच्याच्या पाया पडायचं या रीतीप्रमाणे लोकेंद्रच्या पायाला हात लावला आणि चहा येईपर्यंत त्याच्यामागे खुर्ची ओढून बसला. लोकेंद्र कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करायचा. रविवार असल्यामुळे त्या दिवशी तो गेम खेळत होता.

पडद्यावर बर्फ पडत होता. डोंगर असे की मान मागे टाकावी. त्या डोंगरांखाली लाकडाचा एक भलामोठा वाडा, त्याच्या आढ्यावर कोरलेली जनावरांची तोंडं, आणि आत लांबच लांब चूल. चुलीभोवती बसलेले लोक! वेण्या घातलेल्या दाढ्या, अंगावर कातडी, टोपांना शिंगं. बायासुद्धा कुऱ्हाडी घेऊन बसलेल्या. एक म्हातारा उठला आणि आपल्या पूर्वजांची नावं एकामागून एक गाऊ लागला. बाकीचे ढालींवर ठेका धरत होते. बाहेर आकाशात हिरवा उजेड पडद्यासारखा हलत होता. मनीरामने जन्मात बर्फ पाहिला नव्हता. त्याने दुपट्टा अंगाभोवती ओढून घेतला आणि पायातल्या चपला हळूच काढून ठेवल्या.

"कोन लोक होत गा हे, लोकेंद्र?"

"उत्तरेकडचे होत, मामाजी. बर्फ का इलाका है."

"उत्तर म्हंजे? माळव्याच्या वर?"

"माळव्याच्या भल्लेच वर."

मनीराम खुर्ची ओढून पडद्याजवळ सरकला. आपले पूर्वज माळव्याहून आले, कमरेला तलवार लावून आले आणि इथे येऊन धानाच्या बांधीत उतरले, हे तो लहानपणापासून ऐकत आला होता. आता त्याला सगळा उलगडा झाला. "म्हंजे आपल्यातले जे खाली नाही उतरले," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "ते हे."

लोकेंद्र खुर्चीतून पडायचा बाकी राहिला. "नाही हो मामाजी! तिकडं युरोपात पहिले वायकिंग नावाचे लोक होते, जहाजवाले. त्यांच्यावरून गेमवाल्यांनी बनवलं हे. सब झूठ. असली वायकिंगच्या टोपीले तं शिंगंबी नव्हते म्हणतात."

"आपल्या दंडारीतला राजा कोठं असली असते? तो आपला बिसराम होय. पन मुकुट घातला का पब्लिक त्याले राजा मानते का नाही?" मनीरामची नजर पडद्यावरून हलली नाही. "ज्यानं हे शिंगं लावले ना, त्याले दंडार समजते."

 चहा आला, निवला, त्यावर साय धरली. मनीराम त्या दिवशी घरी गेला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. लोकेंद्र दुकानातून आला की मामा कॉम्प्युटरपुढे हात जोडून बसलेले. "हं, लाव. काल त्यायचा सरदार बिमार होता."

सरदार मेला. आणि गाव रडलं नाही! सगळे पाण्याकाठी जमले, सरदाराला नावेत निजवलं, छातीवर ढाल ठेवली आणि ढाली बडवून अशी काही आरोळी दिली की मनीरामच्या अंगावर काटा आला. लोकेंद्र म्हणाला, वरच्या पूर्वजांना ऐकू जावं आणि त्यांनी दार उघडावं म्हणून ही आरोळी. नाव धुक्यात दूर दूर गेली. काठावरचे लोक तसेच उभे.

"पाहून राहिला का?" मनीराम डोळे पुसत म्हणाला. "एकबी मानूस उठून नाही गेला."

बस. तिथेच त्याचं ठरलं.

गावात आल्यावर एकेक वस्तू गोळा होऊ लागली आणि एकेक भांडण. दुलारीबाईच्या गंजापाठोपाठ गल्लीतले सगळे गंज गेले. सुताराने पळसाची शिंगं करून दिली. ती चमकेनात म्हणून पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावायचं बेगड त्यांच्यावर गुंडाळलं. ढाली म्हणून सुपं. बर्फासाठी लोकेंद्रने गोंदियाहून मुरमुऱ्यांची पोती आणायची कबूल केली. राहिली नाव. ती होती बकाराम ढिवराकडे, तलावातला मासेमारीचा डोंगा.

"डोंगा देतो," बकाराम म्हणाला, "पन मले पार्ट पाहिजे."

"अगा, तू कोनता पार्ट करशीन?"

"शिंगवाला."

मग काय, तलावावर डोंगा वल्हवू शकणारा एकुलता एक माणूस शिंगं लावून स्टेजवर आला. तेव्हा कोणाच्या हे लक्षात आलं नाही, कारण डोंगा पाण्यात जायचाच नव्हता. तो मनीरामच्या बैलबंडीवर ठेवायचा आणि कबऱ्या-मोऱ्या या बैलांनी स्टेजपुढून हळूहळू ओढत न्यायचा, असं ठरलं होतं.

"पन मेलेल्या मानसापुढं रडाचं सोडून कोन वरडते?" दुलारीबाईने विचारलं.

"ते वरडते."

"ते येडे असतीन. तुमी कायले वरडता?"

"मी नाही वरडत. मी मेलेला असतो."

मंडईचा दिवस उजाडला. दुपारी तलावाकाठच्या मैदानात दंडार उभी राहिली. एका बाजूला ऑर्केस्ट्रावाल्यांचे भोंगे तयार होतेच. गोवर्धन पटले मधोमध खुर्ची टाकून बसला, म्हणजे पब्लिक उठली की त्याला सगळीकडून दिसावं.

सुरुवात झकास झाली. शिंगवाले आले तशी पब्लिक हसली, मग त्यांनी सुपांवर ठेका धरून पूर्वजांची नावं गायला सुरुवात केली आणि पब्लिक गप्प झाली. मनीरामने नावं गावातलीच घेतली होती. कोणी तलावाची पाळ बांधली, कोणी पहिली बांधी काढली, कोण वाघाशी झुंजला. म्हाताऱ्या निर्मलाबाईने आपल्या आजेसासऱ्याचं नाव ऐकलं आणि पदर डोळ्याला लावला. इतक्यात स्टेजच्या वर बांधलेल्या माचीवर चढलेल्या लोकेंद्रने बर्फ पाडायला घेतला. मुरमुरे पाहताच गावातली सगळी लेकरं स्टेजवर. त्यांच्यामागे कोंबड्या, आणि कोंबड्यांमागे एक कुत्रा. उत्तरेकडचा हिवाळा बघता बघता खाऊन फस्त झाला. मागच्या रांगेत दोघं-तिघं उठून उभे राहिले. 

मनीरामने घाईघाईने मरून घेतलं.

शिंगवाल्यांनी त्याला उचलून बंडीवरच्या डोंग्यात निजवलं, छातीवर सूप ठेवलं. मनीरामने डोळे मिटले. आणि ठरल्याप्रमाणे सगळे बंडीपुढे उभे राहून पूर्वजांचं दार उघडेल असे ओरडले.

पूर्वजांचं माहीत नाही, पण कबऱ्या-मोऱ्यांनी ती आरोळी ऐकली. तोवर ते निवांत रवंथ करत होते. वर पाहतात तो पुढ्यात पोळ्याचं बेगड लावलेली, शिंगांची, दोन पायांवर उभी राहिलेली, माणसासारखी गर्जणारी जनावरं! कोणत्या बैलाने हे सोसावं? त्यांनी शेपट्या वर केल्या आणि जिकडे रोज पाणी प्यायला जात, त्या घाटाच्या वाटेने ते सुसाट सुटले. बंडी दणदणत पाण्यात घुसली, बैल गर्रकन वळले, बंडी उलाळ होऊन मागे झुकली आणि डोंगा सरकन तलावात उतरला. धक्क्याच्या जोराने तो आत, आणखी आत जात राहिला.

मनीरामला खालून गार लागलं, अंग डुलू लागलं. काय झालं ते त्याला समजलं. पोहता येत नव्हतं, जवळ वल्हं नव्हतं. उठून बोंब मारावी असं फार वाटलं. पण मेलेल्या नटाने हलायचं नाही. तो कान देऊन पडून राहिला. ठेका नाही, हसणं नाही, शिट्टी नाही. ऑर्केस्ट्राचा आवाजही नाही. नुसतं पाणी डोंग्याला चाटत होतं.

गेली, तो मनात म्हणाला. यंदाबी पब्लिक उठून गेली. गंजांचे टोप केले, पोळ्याचं बेगड वापरलं, भाच्याला माचीवर चढवलं, आणि शेवटी मी एकटाच. मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि दाढीत मुरलं. आता कोणी पाहायलाच नाही तर मरून तरी काय करायचं? त्याने एक डोळा किलकिला केला आणि मान जराशी वळवली.

मैदान रिकामं होतं. गोवर्धनची खुर्चीसुद्धा रिकामी होती. पब्लिक खरंच उठली होती आणि त्याच्या मागे आली होती. पाळीवर, घाटावर, गुडघाभर पाण्यात, माणसंच माणसं. चिडीचूप. ऑर्केस्ट्रावाले आपली वाद्यं सोडून उभे. गोवर्धनने डोक्यावरची टोपी हातात घेतलेली. लेकरं मुठीत मुरमुरे धरून खायची विसरलेली. सगळ्यांच्या पुढे दुलारीबाई उभी होती आणि तिला रडू आवरत नव्हतं. मग तिने कोणाच्या तरी हातातलं सूप हिसकावलं, त्यावर थाप मारली आणि पूर्ण ताकदीने ओरडली. तिच्यामागे सगळी मंडई ओरडली. तलावावरची पाखरं उडाली.

मनीरामने डोळा घट्ट मिटून घेतला.

थोड्या वेळाने पाणी खळबळलं. शिंगं आणि दाढीसकट पोहत आलेल्या बकारामने डोंग्याच्या काठाला हात घातला.

"मामा," तो धापा टाकत म्हणाला, "जित्ते आहा ना?"

"हळू बोल बे," ओठ न हलवता मनीराम म्हणाला. "पब्लिक पाहून राहिली."