धुण्याची परवानगी

नारपोलीच्या यंत्रमागांतला टाकाऊ कापूस वापरून तुळशीराम भोईर यांनी भिवंडीत कारखाना काढला. कापूस कॉस्टिक सोड्यात भिजवायचा, क्लोरोॲसिटिक आम्लात मुरवायचा आणि मग त्यातलं मीठ नि उरलीसुरली रसायनं अल्कोहोलनं धुऊन काढायची. राहते ती पांढरी पावडर आईस्क्रीम घट्ट करते. कारखान्याची केमिस्ट मृणाली हिच्या मते यात महत्त्वाची होती धुलाई. परवाना कार्यालयाच्या मते, अल्कोहोल.

“म्हणजे दारू,” अधिकारी म्हणाले.

“साहेब, ते पावडर धुवायला लागतं.”

“सुरुवातीला सगळे असंच सांगतात.”

सात महिन्यांनी सशर्त परवानगी मिळाली. धुलाईच्या खोलीला सरकारी कुलूप, किल्ली कार्यालयात, आणि प्रत्येक पोत्यासोबत पावडर नशेत नसल्याचा दाखला.

पहिला माल धुवायला आला तेव्हा अधिकारी किल्लीसह प्रशिक्षणाला गेले होते. विषय होता ‘उद्योगसुलभता’. मृणालीनं फोन लावला.

“तोवर पाण्यानं धुवा.”

“ही पाण्यात विरघळते, साहेब.”

“प्रयत्न न करता अहवाल देऊ नका.”

प्रयत्न झाला. चारशे किलो पावडरीची खळ झाली, गटारात जाऊन बसली आणि अख्खी गल्ली तुंबली. पथक आलं. पंचनाम्यात नोंद झाली: ‘धुलाई ही प्रदूषणकारी प्रक्रिया आहे. सबब ती कायमची बंद करावी.’ महिन्याभरात कारखान्याला प्रदूषणमुक्तीचं प्रशस्तिपत्र आलं.

न धुतलेला माल खाण्यायोग्य असल्याचा दाखला तुळशीरामनं मृणालीपुढं सरकवला. “सही कर गो पोरी. कागदावर खायचीच पावडर हाय.”

“काका, हे लहान मुलांच्या पोटात जाणार.”

“मना कलत न्हाय का? पन धुवू नको असा सरकारनंच सांगितलाय.”

तिनं सही केली नाही. दुसऱ्या दिवशी नवा केमिस्ट आला. त्यानं माल येण्याआधीच सह्या करून ठेवल्या. मृणालीनं नमुन्यासह तक्रार केली. उत्तर वेळेत आलं: ‘सादर नमुना धुतलेला नसल्याने तपासणीस अपात्र.’

शेवटी ती अंबाडी नाक्यावर आईस्क्रीमच्या दुकानापुढं उभी राहिली. “डब्यामागचं वाचा हो, आत काय घातलंय ते विचारा,” ती एकेकाला विनवत होती.

“बारीक अक्षर आहे, ताई,” लोक म्हणाले.

त्या गर्दीत तुम्हीही होतात. तुम्ही तिच्याकडे बघून मान हलवलीत, व्यवस्थेला दोन शिव्या घातल्यात आणि झाकण चाटून साफ केलंत.