आपले पान पाहून अतिशय आनंद झाला

संताजीराव जाधवांच्या टेरेसवरच्या बागेचं इंटरनेटवर एक पान होतं. त्या पानाला आजवर चारशे बारा भेटी झाल्या, असं तळाचा आकडा सांगत होता. त्यांतल्या चारशे चार भेटी खुद्द संताजीरावांनीच दिल्या होत्या. उरले आठ. टेलिफोनच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या माणसाला आठ परके वाचक म्हणजे काही कमी नव्हे. पण फेब्रुवारीपासून नववा कोणी फिरकला नव्हता आणि आता मे उजाडला होता.

"संयोगिता, लोकं का यायला तयार नाहीत गं?"

पान संयोगितानंच बनवून दिलं होतं. ती जे. पी. नगरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होती आणि वडिलांना शिकवताना तिचा आवाज हळूहळू चढत जात असे. "अप्पा, तुमच्या पानाला आहे तसं प्रत्येक पानाच्या तळाशी गेस्टबुक असतं. पाहुण्यांची वही. तुम्ही दुसऱ्याच्या पानावर जा, नीट वाचा, मनात येईल ते खरं दोन ओळींत लिहा. शेवटी आपल्या पानाचा पत्ता टाकायला चौकट असते. त्याला वाटलं तर तो येईल तुमच्याकडे."

"सरी, सरी, बरं. पत्ता टाकायचा."

"आधी वाचायचं, अप्पा!"

"तेच तर म्हणालो की!"

इंदिरानगरात घराजवळच चंदनचं सायबर कॅफे होतं. चंदन निपाणीकडचा, त्यामुळे ह्या कानडी शहरात संताजीरावांना तिथं मराठीत प्रश्न विचारता येत आणि ते भरपूर विचारत. तिथं बसून त्यांनी एक मजकूर घोळवून घोळवून तयार केला. इंग्रजीत होता, मराठीत सांगायचं तर असा : "आपले पान पाहून अतिशय आनंद झाला. असेच चालू ठेवा. पुढच्याची वाट पाहतो. माझी टेरेसही अवश्य पाहावी." मग चंदननं त्यांना एकदा लिहिलेलं पुन्हा पुन्हा कसं चिकटवायचं ते दाखवलं आणि पुढच्या अनर्थाला आपला हातभार लावला.

आठवडाभर संताजीरावांनी जगाला सुखानं जगू दिलं नाही. जर्मनीतल्या एका मासे पाळणाऱ्याला त्यांनी असेच चालू ठेवा म्हणून सांगितलं. कॅनडातल्या एका दंतवैद्याकडे ते पुढच्याची वाट पाहत थांबले. वाचण्याचा प्रश्नच नव्हता. पानावरचे फोटो वरून खाली पट्टीपट्टीनं उतरत आणि कपाळ दिसेपर्यंत दोन मिनिटं जात. संताजीराव तोवर वहीत लिहून पुढच्या घरी पोचलेले असत. जर्मन माणसानं उलट विचारलं, "तुम्हाला माशांतलं काही कळतं का?" संताजीराव म्हणाले, "ह्या लोकांना कौतुक करून घेण्याची सवयच नाही."

शुक्रवारी संयोगिता एक चिठ्ठी घेऊन आली. तिच्याच कंपनीतल्या विराटशी तिचं लग्न ठरण्याच्या बेतात होतं आणि रविवारी विराट वडिलांना, गिरीराज मोहित्यांना, घेऊन येलहंक्याहून बोलणी करायला येणार होता.

"अप्पा, विराटची आजी फेब्रुवारीत गेली. त्यानं तिच्या आठवणीसाठी पान केलंय. गिरीराजकाका रोज त्याची वही उघडून बघतात म्हणे. तुम्ही दोन शब्द लिहाल? नीट, मनापासून?"

"त्यात काय सांगायचं? आत्ता जाऊन येतो."

चंदनच्या कॅफेत चिठ्ठीवरचा पत्ता उघडला, तेव्हा संताजीरावांनी पहिल्यांदाच फोटो पूर्ण उतरू दिला. पांढरे केस, मोठं कुंकू, चष्मा आणि फोटोला मोगऱ्याचा हार. मग ते खाली वहीकडे गेले आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. वहीत तीनच नोंदी होत्या. सगळ्यांत वरची अशी : "आपले पान पाहून अतिशय आनंद झाला. असेच चालू ठेवा. पुढच्याची वाट पाहतो. माझी टेरेसही अवश्य पाहावी. संताजी जाधव, इंदिरानगर."

"चंदन! हे खोड!"

"काका, ते ज्याचं पान त्यालाच खोडता येतं."

"मग झाक कशानं तरी!"

चंदननं डोकं खाजवलं. "वहीत वरती फक्त शेवटच्या दहा नोंदी दिसतात. वर आणखी दहा आल्या, की तुमची मागच्या पानावर जाईल. मागं कोण बघतंय?"

संताजीरावांनी बाह्या सरसावल्या आणि एकेका बनावट नावानं लिहायला घेतलं. धारवाडच्या शिवाप्पानं आजींच्या हातची भाकरी आठवली. बेळगावच्या गुंडूला तर शब्दच सुचेनात. सोयराबाईंनी आजींबरोबर पापड लाटले होते. सहाव्या नोंदीपाशी, ठकुबाईंच्या तोंडून निरोप घेताना, संताजीरावांचे स्वतःचेच डोळे भरून आले आणि चंदननं त्यांना पाणी आणून दिलं. दहावी नोंद टाकून ते समाधानानं मागे रेलले, चष्मा पुसला आणि वही वरपासून वाचू लागले.

दहाही शोकाकुल मंडळींच्या नावाखाली एकच पत्ता होता. संताजीरावांच्या टेरेसचा. रिकामी चौकट दिसली की हात आपोआप चालत होता.

रविवारी गिरीराज आले ते शबनममध्ये कागदाची घडी घेऊनच. चिवडा पुढे आला, कॉफी आली. संताजीरावांच्या पत्नीनं, भाग्यलक्ष्मींनी, "स्वल्प घ्या अण्णा" असा आग्रह केला. गिरीराजांनी घडी उलगडली.

"हे शिवाप्पा धारवाडला राहतात की तुमच्या टेरेसवर?"

संयोगितानं वडिलांकडे अशी नजर टाकली, की संताजीरावांनी सगळं सांगून टाकलं. आनंद, मासेवाला, दंतवैद्य, गुंडू, सगळं. "मी वाचलंच नव्हतं हो," ते म्हणाले. "फोटो उतरायच्या आत पुढं गेलो. लाज वाटते मला. पण माझ्या मूर्खपणाची शिक्षा पोरांना देऊ नका."

गिरीराजांनी कागदावर बोट ठेवलं. "तीन महिन्यांत आईच्या वहीत दोन माणसं आली होती. शुक्रवारी एकदम दहा. मी रडलो, जाधव. सोयराबाईंचे पापड वाचून पुन्हा रडलो. मग खालचा पत्ता बघितला." त्यांनी घडी घातली. "आई वाचायची तुमचं पान. विराट दाखवायचा. तिनं तुमच्या वहीत लिहिलंही होतं. भागुबाई मोहिते, येलहंका. ते तरी वाचलंत का?"

संताजीरावांच्या वहीचा छापील कागद प्लास्टिकमध्ये घालून देवघरात ठेवलेला होता. येणाऱ्याजाणाऱ्याला ते तो दुरून दाखवत आणि "आठ!" म्हणत. संयोगितानं तो आणला आणि वाचू लागली.

"भागुबाई, येलहंका. कढीपत्त्याला ताक घालता ते बरोबर. पण तीन दिवसांचं आंबट घाला. ताजं ताक माणसांनी प्यावं." त्याखाली संताजीरावांचं उत्तर होतं : आपला अभिप्राय वाचून अतिशय आनंद झाला, असेच चालू ठेवा.

"तुम्ही चालू ठेवा म्हणालात, म्हणून तिनं ठेवलं," विराट पहिल्यांदाच बोलला. "दर रविवारी मला टाइप करायला बसवायची."

संयोगितानं दुसरी नोंद वाचली. भागुबाई, येलहंका. तिसरी. भागुबाई, येलहंका. आठवी नोंद फेब्रुवारीतली होती : "कढीपत्ता कसा आहे ते कळवलं नाहीत."

संताजीरावांचे आठ वाचक एका जागी बसून लिहीत होते आणि ते का येईनासे झाले, हे आता त्यांना कळलं. त्यांनी मान खाली घातली ती वर होईना.

गिरीराज भाग्यलक्ष्मींकडे वळले. "थोडं ताक मिळेल का, अक्का?"

भाग्यलक्ष्मींनी नवऱ्याकडे पाहिलं. "होतं की ताजं. ह्यांनी सकाळीच झाडाला ओतलं."

गिरीराज हसू लागले ते ठसका लागेपर्यंत. पाणी पिऊन म्हणाले, "लग्नाची तारीख काढू या. पण ती दहा भुतं मी आज खोडणार. तुमचा 'अतिशय आनंद' मात्र राहू दे. आई असती तर पोट धरून हसली असती. आता वाचून एक लिहा."

बुधवारी संताजीराव चंदनकडे गेले. फोटो पूर्ण उतरू दिला, पान पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं आणि एकेक अक्षर शोधून टाइप केलं : "भागुअक्का, ताक तीन दिवस झाकून ठेवलं. घरात सगळे नाक धरून फिरले. आज घातलं. झाड कसं आहे ते कळवतो. संताजी."

चंदन खांद्यावरून वाकून बघत होता. "काका, खालची चौकट राहिली. पत्ता टाका की."

"नको," संताजीराव म्हणाले. "त्यांना ठाऊक आहे."